नागपूरजवळच्या वाडीचं गोडाऊन: पाणी, रोस्टर आणि मारबत वही (कामाच्या नोंदी, मार्च ते सप्टेंबर २०२४)

४ मार्च, सोमवार

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. वरून मेल आलाय, यंदा प्रत्येक लोकेशनला "वेलबीइंग"चं काहीतरी करायचं, बजेट थोडकं आहे पण आहे, आणि ते तूच पाहा कारण एचआर पण तूच आणि फ्लोअरचं रोस्टर पण तूच. सोबत एका एजन्सीचं कोटेशन जोडलेलं. मेडिटेशनचं ॲप, महिन्याला एक वेबिनार, भिंतीवर लावायला आठ पोस्टर. आता आपल्याकडे माणसं १४०, त्यातली शंभराच्या वर फ्लोअरवर, आणि फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, गेटवर लॉकरमध्ये जमा होतो. मग ते ॲप उघडणार कोण, मी आणि साहेब?

घरी येऊन थोडं वाचलं. याच जानेवारीत ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंगचा एक पेपर आलाय, ब्रिटनमधल्या २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. ॲप, माइंडफुलनेस, रेझिलियन्स ट्रेनिंग असलं काही घेतलेले आणि न घेतलेले, दोघांच्या तब्येतीत-मनःस्थितीत म्हणावा असा फरकच नाही. एका वेळचं चित्र आहे ते, यामुळे ते झालं असं त्यावरून ठासून सांगता येत नाही, पण साहेबांना दाखवायला पुरे. त्याचं म्हणणं असं की माणसाला दुरुस्त करत बसण्यापेक्षा काम कसं मांडलंय ते बघा.

तर ठरवलं, वेगळा कार्यक्रम काही करायचा नाही. आपण रोज जे कागद भरतो, जे रजिस्टर चालवतो, जे रिपोर्ट काढतो, तेच एकेक उघडून बघायचे. रोस्टर, सुट्टीचा फॉर्म, स्कॅनर, गेट रजिस्टर, ऑर्डरची वेळ. साहेब म्हणाले, "फोटो काय पाठवायचे मग वर?" ते बघू नंतर.

६ मार्च

आज पूर्ण शिफ्ट पिकिंगवाल्या (रॅकमधून ऑर्डरचा माल काढणाऱ्या) एका ताईसोबत फिरले. चार वर्षं रोस्टर बनवते मी पण सलग आठ तास रॅकांमध्ये कधी उभी राहिले नव्हते, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

ताईंच्या हातात गन, म्हणजे स्कॅनर. बिन (रॅकमधला खण) स्कॅन, माल स्कॅन, ट्रॉलीत टाक, पुढचा. सकाळी साडेदहाला मी म्हटलं चला पाणी पिऊ. ताई म्हणाल्या तुम्ही जा. मी म्हटलं तुम्ही? तर गनची स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली, वर कोपऱ्यात एक बारीक घड्याळ असते. शेवटच्या स्कॅनपासून आठ मिनिटं काही स्कॅन झालं नाही की माणूस "आयडल", सुपरवायझरच्या टीव्हीवर नाव लाल.

"पाणी प्यायले गेलं का गन लाल होते न मॅडम. मंग थो येते, काहून थांबली म्हणून."

पाण्याचा कूलर लोडिंग बे च्या ऑफिसपाशी. ताईंच्या रॅकपासून पावलं मोजली, २१२. जायला दोन-अडीच मिनिटं, यायला तेवढीच, वर ट्रकवाल्यांची लाइन. आठ मिनिटांत होतच नाही. आणि लेडीज टॉयलेट गेटजवळ, बाहेर, उन्हातून जायचं. ताई सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घेतात, दुपारपर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, जसं आपण सांगतो की मी भाजीत तेल कमी घालते. चार वर्षांत एकीनेही तक्रार केली नाही कारण तक्रार कशाची करायची, कुणी पाणी पिऊ नका असं म्हटलंच नाही ना कधी! नियम कुठेच लिहिलेला नाही, तो आठ मिनिटांच्या त्या घड्याळात बसलाय. आणि ते आठ मिनिटं कुणी ठरवले? शोधलं. सॉफ्टवेअर आलं तेव्हा डिफॉल्ट होतं, कुणी बदललंच नाही.

११ मार्च

सुट्टीचा फॉर्म. "कारण" हा रकाना सक्तीचा. मागच्या दोन वर्षांचे फॉर्म काढून बसले आणि हसू आवरेना, पॅकिंगच्या एका पोराची आजी तीनदा वारलीये. तिसऱ्यांदा मीच सही केली होती, वर "सॉरी टू हिअर" पण म्हटलं होतं.

त्याला बोलावलं, तो घाबरला. मग खरं निघालं, तिन्ही वेळा बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं आणि ते फॉर्मवर लिहायचं नव्हतं, फॉर्म सुपरवायझरच्या टेबलावर उघडा पडून राहते, कुणीबी वाचते. बरोबर आहे त्याचं.

महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात (२०१७ चा) वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा हक्काची आहे. हक्काची रजा मागायला गोष्ट रचायला लावणारे आपण कोण? कारणाचा रकाना काढला. आता तारीख, किती दिवस, कोण सांभाळणार, बस. साहेब म्हणाले सगळे फुकट सुट्ट्या मारतील. म्हटलं आठच आहेत साहेब, आधीही आठच मारत होते, फक्त आज्या वाचतील.

१८ मार्च

रोस्टर. आतापर्यंत रविवारी रात्री दहाला ग्रुपवर टाकायचे, सोमवार सकाळपासून लागू. टाकणारी मीच. आता गुरुवारी दुपारी ४ ला, कागदावर, टाइमपंचच्या (हजेरीच्या मशीनच्या) वर. अदलाबदल दोघांनी आपसात करायची, खाली सही करायची, माझी परवानगी नको. एवढंच.

ब्रिटनच्या एचएसईने (कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणारी तिथली सरकारी संस्था) कामाच्या ताणाची सहा मुळं धरलीयत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, आपसातली नाती, आपली भूमिका आणि बदल कसा केला जातो. वाचलं तेव्हा वाटलं बोजाच मोठा असेल. इथे लोकांशी बोलले तर बोज्याचं कुणी बोलतच नाही, सगळे ताब्याचंच बोलतात, फक्त शब्द वेगळे. "सोमवारी काय आहे ते रविवारी रात्री कळते मॅडम, पोराच्या शाळेत कोण जाईन?"

२७ मार्च

होळीची सुट्टी संपून सगळे आले, काहींच्या कानामागे अजून रंग आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, आठचे पंधरा मिनिटं करा आणि ब्रेकचं एक बटण द्या. म्हणे चेंज रिक्वेस्ट टाका, अंदाज पाठवतो. अंदाज आला, आमच्या अख्ख्या बजेटपेक्षा जास्त.

तोडगा काढला डिस्पॅचच्या पोराने, ज्याला सगळे नुसता मोबाइलबाज म्हणतात. तो म्हणाला मॅडम, गनला काय कळते, तिला फक्त बिनचा बारकोड पाहिजे न. पाण्याजवळच एक बारकोड चिकटवा, सिस्टीममध्ये बिन म्हणून टाका, तिथे स्कॅन केलं का घड्याळ परत शून्यावर. मी त्याच्याकडे बघतच राहिले. अर्ध्या तासात त्याने "पाणी-१" ते "पाणी-४" अशी चार खोटी बिनं बनवली. खर्च, स्टिकरचा कागद.

पाण्याचा हिशोब पण केला. अमेरिकेतल्या निऑशचा (कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) सल्ला आहे, उन्हाच्या कामात दर १५ ते २० मिनिटांना पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिली. तासाला पाऊण ते एक लिटर. शिफ्टला फ्लोअरवर ५५ माणसं धरली, पाऊण लिटर × ८ तास, माणशी ६ लिटर, एकूण ३३० लिटर. आपला कूलर ८० लिटरचा आणि तो दिवसातून एकदा भरला जातो. म्हणजे हा प्रश्न पाणी न पिण्याचा नव्हताच, सगळे प्यायले असते तर पाणीच नव्हतं.

चार ठिकाणी मोठे रांजण, तोट्या लावलेले, स्टँडसकट. कोण भरणार हा खरा सवाल. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की संपलं. म्हणून सिक्युरिटीच्या शिफ्ट बदलायच्या रजिस्टरमध्ये चार चौकोन छापून घेतले, रांजण १, २, ३, ४. भरलेले बघून टिक केल्याशिवाय पुढच्या गार्डने चावी घ्यायची नाही. गेटवरचे काका म्हणाले, "म्हणजे आता आम्ही पाणक्ये?" पण टिक मात्र पहिल्या दिवसापासून लाल पेनने, ठसठशीत.

८ एप्रिल

उद्या पाडवा. पाणी सुरू होऊन आठवडा झाला. ताईंनी "पाणी-२" ला स्कॅन केलं, प्यायल्या, गन हिरवी, आणि मला लांबून गन हलवून दाखवली. लेडीज टॉयलेटपर्यंत हिरवी जाळी टाकून सावली केली. ते आतमध्ये पाहिजे खरं तर, पण ते प्लंबिंगचं काम आहे, दिवाळीपर्यंत तरी होते का बघू.

१६ एप्रिल

गडबड झाली.

तीन-चार दिवसांपासून पाण्याचे स्कॅन कमी कमी होऊन राहिले होते. मला वाटलं मधे पाऊस पडून गेला, गार झालं म्हणून असेल. आज ताईंना विचारलं तर त्या गप्प. मग पॅकिंगच्या पोराने सांगितलं. सुपरवायझरने सिस्टीममधून रिपोर्ट काढला, कोण किती वेळा "पाणी" ला गेलं, नावानिशी, आणि सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये एकाला सगळ्यांपुढे म्हणाला, "अकरा वेळा पाणी? उंट आहेस का बे?" सगळे हसले. तोही हसला. आणि त्या दिवसापासून कुणी स्कॅनच करत नाही, म्हणजे पाणीच पीत नाही.

चूक माझी आहे. बिन बनवलं म्हणजे त्याची नोंद होणार, नोंद झाली म्हणजे रिपोर्ट निघणार, आणि रिपोर्ट निघाला म्हणजे कुणीतरी तो वापरणार. सोय म्हणून जे केलं त्याचीच मोजपट्टी झाली, आणि आधी निदान पाणी किती प्यायलं हे तरी कुणाला माहीत नव्हतं.

रागाने सुपरवायझरला बोलावलं. तो वाईट माणूस नाही हो, बारा वर्षांपासून इथे आहे, स्वतः हमाली करून वर आलाय. त्याने शांतपणे स्वतःचा इन्सेंटिव्हचा कागद पुढे ठेवला. माणसामागे तासाला किती पीस. भागाकारात खाली पूर्ण तास. "तुम्ही त्यांना पाणी पाजता मॅडम, ते माझ्या पगारातून पाजता." मी यावर काय बोलणार?

१८ एप्रिल

दोन दिवस याच्यातच गेले. (१) ती चार बिनं "नॉन-स्टॉक" म्हणून मार्क केली, अशी जागा माणसाच्या नावाच्या रिपोर्टमध्ये येत नाही, आता फक्त दिवसाचा एकूण आकडा दिसतो. (२) १ एप्रिल ते ३० जून सुपरवायझरच्या भागाकारात तास ६० ऐवजी ५० मिनिटांचा. अकाउंट्सने नाक मुरडलं. साहेबांनी सही केली, का केली माहीत नाही, बहुतेक उद्या मतदान आहे म्हणून घाईत होते.

आज सकाळच्या मीटिंगला सुपरवायझरने आधी स्वतः रांजणापाशी जाऊन पाणी प्यायलं, सगळ्यांसमोर, मग बोलायला लागला. मी सांगितलं नव्हतं असं करायला.

६ मे

ऊन आता खरं सुरू झालंय. पत्र्याचं छप्पर, दुपारी दोनला वरच्या रॅकला हात लावला की चटका बसतो. शिफ्ट सकाळी ६ ते २ करायची असं एका झटक्यात ठरवलं आणि एका झटक्यातच अडकले. त्या दुकाने-आस्थापना कायद्यानेच बायकांना सकाळी ७ च्या आधी आणि रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती पाहिजे आणि ने-आण, सुरक्षितता आपली. म्हटलं संमती घेऊ. विचारलं तर एक म्हणाली मले चालते, पाच म्हणाल्या पाचला घरून निघायचं तर डबा चारला उठून, आणि हिंगण्याकडून इतक्या सकाळी गाडीच नाही. उन्हाचा त्रास कमी करायला झोप काढून घेणार होते मी.

शेवटी सरसकट ६ नाहीच. जड काम (ट्रक खाली करणं, वरचे रॅक) ६ ते ११ मध्ये, त्याला यायला जे तयार त्यांनाच. बाकीचे ७ ते ३, आणि १२ ते ३ मध्ये फक्त खालचे रॅक, लेबल, पॅकिंग. म्हणजे माणसांची वेळ थोडी हलवली आणि कामांचा क्रम जास्त हलवला. रोस्टरमध्ये आतापर्यंत फक्त नावं असायची, आता नावासमोर कामाचा प्रकार पण.

१४ मे

आज सकाळी पावणेअकराच्या सुमारास ठेकेदाराकडून आलेला एक पोरगा ट्रकच्या मागेच बसला, मग आडवा झाला. बोलत होता, घाम येत होता, उलटी झाली. सावलीत आणलं, शर्ट काढून ओले दुपट्टे, पंखा, जरा सावरल्यावर ओआरएस थोडं थोडं, तोवर गाडी काढून दवाखान्यात. संध्याकाळी घरी गेला, ठीक आहे. माझे हात अजून थरथरून राहिलेत.

त्याचा दुसरा दिवस होता. आधी कुठे होता विचारलं तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाइलच्या दुकानात, एसीमध्ये. आपण त्याला दुसऱ्या दिवशी १४ मे च्या उन्हात सिमेंटशीटचा ट्रक खाली करायला लावला, आणि खिशात कांदा दिला होता म्हणे मुकादमाने.

शरीराला उन्हाच्या कामाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. निऑशचा साधा नियम आहे, नवीन माणूस पहिल्या दिवशी उन्हाच्या कामात २० टक्केच, मग रोज २० ने वाढवायचं, पाचव्या दिवशी पूर्ण. सवयीचा माणूस सुट्टीवरून आला तर ५०, ६०, ८०, १००. हे मला मार्चमध्येच माहीत होतं, वाचलं होतं, पण "वाचलं होतं" ने ट्रक खाली होत नाहीत.

१५ मे

गेट रजिस्टरमध्ये नवीन रकाना, "कितवा दिवस". एक ते पाच असेल तर काका मनगटाला हिरवी फीत बांधतात. हिरवी फीत दिसली की मुकादमाने त्याला ट्रकवर ठरलेल्या तासांच्या वर ठेवायचं नाही, बाकी वेळ लेबलच्या टेबलावर. ठेकेदार आला भांडायला, अर्धं काम करणाऱ्याला पूर्ण हजेरी कोण देणार? बरोबर मुद्दा आहे, त्याचं पोट त्यावर. लेबलचं काम पण कामच आहे, हजेरी पूर्ण आम्ही देऊ असं साहेबांनी कबूल केलं, लेखी. लेखी नसतं तर दोन दिवसांत पोरांनीच फिती सोडून खिशात घातल्या असत्या.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. फिती चालू, रांजण चालू. लिहायला वेळ नाही.

३० मे, गुरुवार

आज अख्खं नागपूर एकच आकडा पाठवून राहिलं, ५६ डिग्री. रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशनने दाखवला म्हणे. दुपारी फ्लोअरवर भीतीच बसली, दोघी रडकुंडीला, घरी जाऊ द्या. साहेब म्हणून राहिले खोटं आहे ते, काम चालू ठेवा.

मी आकड्यावर भांडलेच नाही. भिंतीवर आपला स्वतःचा थर्मामीटर लावलाय एप्रिलपासून, तो बघायचा. आणि कागदावर आधीच ठरलंय की आत ४२ च्या वर गेला की तासाला १५ मिनिटं बसायचं, ज्याला भोवळ वाटते तो विचारल्याशिवाय थांबू शकतो. तेवढंच केलं. ठरलेलं असलं की भांडण होत नाही. (दुसऱ्या दिवशीची भर: हवामान खात्याने सांगितलं, सेन्सरचा बिघाड होता.)

२१ जून

योगा डे. वरून बॅनर आलं, पंधरा जणांनी ताडासन केलं, फोटो गेला, वरचे खूश. मलाही वाईट नाही वाटलं, पोरं हसत होती.

खरी खबर दुसरी आहे. मे मध्ये जे डेझर्ट कूलर जीव वाचवून राहिले होते तेच आता जीव नकोसा करून राहिलेत. कोरड्या हवेत पाणी उडते म्हणून गार होते, आता हवाच ओली, पाणी उडणार कुठे, नुसता चिकचिकाट आणि कार्डबोर्ड ओले. घरी प्रत्येकाला माहीत आहे की पाऊस लागला का पंप बंद आणि नुसता पंखा चालवायचा, पण गोडाऊनमध्ये पंपाचं बटण मेंटेनन्सच्या कुलूपात. चावी काढून काकांच्या बोर्डावर लावली. एवढ्यासाठी तीन मेल.

१५ जुलै

जुलैच्या सुरुवातीला शाळा उघडल्या (बाकी महाराष्ट्राच्या मागून आपल्याकडे), शिफ्ट परत बदलल्या, ते जमून गेलं कारण आता गुरुवारी कळते.

आज डिस्पॅच डेस्कचा हिशोब काढला. टाइमपंच वरून, एकाचे आठवड्याला ५८ तास. कायद्यात ४८, वर ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि तीन महिन्यांत १२५ तासांच्या आत (हा २०२४ चा नियम). डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ मध्ये जे मांडलं त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा लकव्याचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. हे त्या माणसाला सांगून काय करू? तो म्हणाला, "मॅडम मी जातो हो घरी सहाला, पण पावणेसातला ऑर्डर येतात ते कोण काढीन?"

तर पावणेसातला का येतात ते बघितलं. जूनची सगळी बिलं वेळेप्रमाणे लावली. उशिराचे बहुतेक ऑर्डर तीनच डिस्ट्रिब्युटरचे, अमरावती, चंद्रपूर, गोंदिया. त्यांना फोन केला, दिवसभर तुमचा माल ठरत नाही का? चंद्रपूरवाले दादा म्हणाले, "ठरते न, दुपारी तीनलाच ठरते. पण तुमच्या फॉर्मवर सात लिहिलं आहे म्हणून आमचा पोरगा सातला पाठवते."

मी फोन ठेवून पाच मिनिटं नुसती बसले. एका माणसाचे दहा तास, त्याची रात्रीची जेवणं, त्याच्या पोरीचा अभ्यास, सगळं फॉर्मवरच्या एका "७" मुळे! साडेपाच केलं. तिघांनीही हो म्हटलं, एकाने तर गाडी लवकर निघते म्हणून आभार मानले. गाड्या आता साडेदहाऐवजी नऊला सुटतात.

५ ऑगस्ट

डेस्कचा माणूस तीन आठवडे ४९-५० तासांवर. पगारस्लिपच्या मागे टेलिमानसचा नंबर छापून घेतला, १४४१६, केंद्राची फुकट हेल्पलाइन, मराठीतही बोलता येते. पोस्टरवर लावला असता तर उभं राहून वाचताना सगळ्यांनी पाहिलं असतं. स्लिप माणूस घरी नेते.

१२ ऑगस्ट

तक्रारपेटी उघडली. वर्षभरात दोन चिठ्ठ्या, एक बिस्किटाचा कागद. काका म्हणाले पेटीत कोण टाकते मॅडम, पेटी साहेबांच्या दारात. मग म्हणाले, पोळा येऊन राहिला, मारबत काढा न तुमची.

बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते, शंभरावर वर्षांपासूनची रीत, सोबत बडगे (तेही पुतळेच), आणि जे जे नको ते ओरडून तिच्यासोबत पाठवायचं. ईडा पिडा, रोगराई, महागाई, घेऊन जा गे मारबत!

तर रांजण-३ पाशी दोऱ्याला बांधून एक वही टांगली. प्रत्येक ओळीच्या शेवटी "घेऊन जा गे मारबत" आधीच छापलेलं. नाव लिहायचं नाही. वही तीन सप्टेंबरला सगळ्यांसमोर वाचणार, आणि प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक लिहिणार: झालं, या तारखेला होईल, होणार नाही आणि का.

३ सप्टेंबर, मंगळवार

वही भरली, ६१ ओळी. दुपारी बारालाच वाचली कारण अर्ध्यांना इतवारीत मिरवणुकीला जायचं होतं, अदलाबदलीच्या सह्या गुरुवारीच करून मोकळे.

"कँटीनचं पातळ वरण घेऊन जा गे मारबत." "मुकादमाची शिटी." "तुटक्या चाकाची ट्रॉली, नंबर ९" (झालं, आजच). "आतमधे टॉयलेट नसणं", हे सात वेळा, सात वेगळ्या हस्ताक्षरांत. तारीख द्यावी लागली, ३१ ऑक्टोबर, साहेबांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं, आता सुटका नाही.

आणि मग, मी वाचता वाचता थांबले, "रात्री ११ चे मॅडमचे मेसेज घेऊन जा गे मारबत." खाली तशाच अर्थाच्या अजून चार. एकात मेसेज पण उतरवून ठेवला होता: उद्या जरा लवकर येता का, सकाळी बोलू. "मंग रातभर झोप नाही, काय बोलतात म्हणून."

सगळे माझ्याकडे बघून राहिले. सहा महिने मी यांचे फॉर्म, यांची घड्याळं, यांचे रकाने तपासले, रोस्टर रात्री दहावरून काढलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली, आणि रात्री घरी बसून, पोरगी झोपली की, डोक्यात येईल ते टाइप करत होते, सकाळी विसरू नये म्हणून. माझी आठवणवही होती ती, त्यांच्या उशाशी वाजणारी.

पुढे "झालं" लिहायला पेन उचललं, ताई मागून म्हणाल्या, "झालं नोका लिहू मॅडम, तारीख टाका. पाहून घेऊ." हशा. टाकली, आजचीच. डिस्पॅचच्या पोराने तिथेच माझा फोन घेतला, मेसेज रात्री लिहिला तरी सकाळी साडेसातलाच जाईल असं काहीतरी ॲप लावून दिलं, आणि परत देताना म्हणाला, "पाणी-५."

काका वही घेऊन गेले, नवीन दोरा लावून आणतो म्हणे, जुना ओला होऊन कुजला. रांजण-२ ची तोटी गळते, उद्या बदलायची.